लोकशाहीत उलेमा आणि सरकार यांचे नाते नेमके कसे चालते?

कोरा कागद:
इस्लामी धर्मपंडितांचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. उलेमांना सरकारच्या आसपास फिरकू देऊ नये, हे एक. आणि सरकारने त्यांना आपल्या अखत्यारीत घ्यावे, म्हणजे जहाल विचार पसरणार नाहीत, हे दुसरे. ही दोन्ही मते एकाच दमात मांडणारेही मी पाहिले आहेत. सुन्नी परंपरेत पोपसारखे एकच सर्वोच्च धर्मपीठ नसताना निवडून आलेले सरकार बोलते तरी कोणाशी, आणि अशा बोलण्यातून कोणाचा फायदा होतो, हे जाणकारांनी सांगावे.

तिऱ्हाईत:
अखत्यारीत घेण्याचे ठळक उदाहरण तुर्कस्तानचे आहे. ३ मार्च १९२४ रोजी तिथे खिलाफत बरखास्त झाली आणि त्याच दिवशी दियानेत हे धर्मव्यवहारांचे सरकारी खाते स्थापन झाले. इमाम सरकारी नोकर झाले, पगार तिजोरीतून मिळू लागला, आणि आज राजधानी अंकारात तयार झालेला शुक्रवारचा खुत्बा, म्हणजे नमाजाच्या वेळचे प्रवचन, देशभरातील मशिदींत वाचला जातो. धर्माला वेसण घालण्यासाठी उभारलेली ही यंत्रणा २००२ नंतर धार्मिक वळणाच्या पक्षाच्या हाती आयती पडली. तिला मोडण्याची त्या पक्षाला गरजच भासली नाही, उलट तिचा पसारा वाढला. वेसण दोन्ही बाजूंना ओढता येते, हे ती बनवणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे.

उत्तररात्र:
इंडोनेशियाचा मार्ग वेगळा आहे. मुहम्मदिया (१९१२) आणि नहदलातुल उलामा (१९२६) या संघटना स्वातंत्र्याच्या आधीपासूनच्या. शाळा, रुग्णालये आणि मदरसे यांच्या जोरावर त्या स्वतःच्या पायांवर उभ्या आहेत. सुहार्तो यांच्या राजवटीत, १९७५ मध्ये, सरकारच्या पुढाकाराने उलेमा परिषद स्थापन झाली, ती मुख्यतः सरकारी धोरणांना धार्मिक मान्यता मिळावी म्हणून. गंमत अशी, की १९९८ मध्ये हुकूमशाही गेल्यावर हीच परिषद सरकारला सुनावू लागली. हलाल प्रमाणपत्रे तर ती अनेक वर्षे स्वतःच देत असे. २०१४ च्या कायद्याने प्रमाणपत्र देण्याचे काम सरकारी संस्थेकडे नेले, पण वस्तू हलाल आहे की नाही याचा धार्मिक निर्णय उलेमांकडे ठेवला. म्हणजे शिक्का सरकारचा आणि फतवा उलेमांचा. या परिषदेचे प्रमुख राहिलेले मारूफ अमीन २०१९ मध्ये देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा सल्लागार कोण आणि सत्ताधारी कोण, ही रेषा आणखी पुसट झाली.

शाई:
दोन्ही प्रतिसादांचा रोख पदे आणि पगार यांवर आहे, परंतु पगार नाकारूनही सरकारवर वजन पाडता येते. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर प्रदेशातील देवबंदच्या दारुल उलूम या मदरशाने सरकारी पैशापासून दूर राहण्याचे तत्त्व सुरुवातीलाच स्वीकारले. यामागे परंपराही आहे. आठव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ इमाम अबू हनीफा यांनी खलिफाने देऊ केलेले काझीपद, म्हणजे न्यायाधीशपद, नाकारले, असे सांगितले जाते. तरीही घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगीचा हक्क देणाऱ्या १९८५ च्या शाहबानो निकालानंतर उलेमांच्या पुढाकाराने आंदोलन झाले आणि १९८६ मध्ये संसदेने त्या निकालाला वळसा घालणारा नवा कायदा केला. त्या वेळी वजन पडले ते मतपेटीचे. इथेच कोरा कागद यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळते, असे मला वाटते. सरकारला समाजाच्या वतीने बोलणारा कोणीतरी हवा असतो, आणि उलेमा म्हणजेच समाज असे धरून चालणे दोघांनाही सोयीचे असते. पाकिस्तानसारखी इस्लामी बाबींवरील सल्लागार परिषद घटनेत ठेवली, जिचा सल्ला संसदेवर बंधनकारक नाही, तरी तो सल्ला फेटाळण्याची राजकीय किंमत मोजावीच लागते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फतव्याला कायद्याचे बळ नाही, असे स्पष्ट केले. पुढे २०१७ च्या तिहेरी तलाक खटल्यात दाद मागणाऱ्यांत मुस्लिम स्त्रिया होत्या, तर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड त्यांच्या विरोधात उभे होते. समाजाच्या वतीने कोण बोलते, हा प्रश्न त्या दिवसांत न्यायालयाच्या एकाच दालनात दोन्ही बाजूंना बसलेला होता.

कोरा कागद:
आभार. तिऱ्हाईत, खुत्बा अंकारातून येत असेल, तर स्वतःचे मत मांडू इच्छिणाऱ्या इमामाला मोकळीक कितपत उरते, यावर सवडीने लिहाल का?