काँक्रीटला तडा जातो की भेग पडते?

लातूरकर:
काँक्रीटमधला क्रॅक कसा सुरू होतो, कसा वाढतो आणि संगणकावर त्याचं प्रतिमान कसं मांडतात, यावर स्थापत्यच्या पोरांसाठी मराठीत टिपण लिहितोय. तडा, भेग, चीर, फट यांतला कुठला शब्द कुठं वापरावा? कोशात हे एकमेकांचे पर्याय दिसतात, पण आपल्याकडं कुणी तसं बोलत नाही.

परभणीकर:
क्रियापदं बघा. तडा जातो, भेग पडते, फट राहते. दार आणि चौकटीत फट राहते, कारण त्या मुळातच दोन वस्तू. एकसंध स्लॅबमध्ये फट कुठून येणार? बीम आणि त्याखालचं वीटकाम यांच्यात असेल तर फट म्हणा, एरवी नको.
भेगेला रुंदी असते. एप्रिल-मे मध्ये काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याला कुणी तडे म्हणत नाही. तडा गेलेला माठ मात्र पाझरला तरी अजून एकसंध उभा असतो. भूकंपात घरांना 'तडे गेले' म्हणतात ते यामुळंच: भिंत पडली नाही, पण पहिल्यासारखी राहिली नाही.

लातूरकर:
सर, काँक्रीटचं गणित नेमकं इथंच आहे. ग्रिफिथनं १९२१ मध्ये काचेसाठी ऊर्जेचा हिशेब मांडला. तडा पुढं सरकताना नवा पृष्ठभाग तयार होतो. त्याला लागणारी ऊर्जा वस्तूत साठलेल्या ऊर्जेतून सुटली, की तडा धावतो. काँक्रीटमध्ये एवढ्यानं भागत नाही. टोकाच्या पुढं बारीक चिरांचा पट्टा असतो आणि खडीचे दाणे दोन्ही काठ धरून ठेवतात. हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हा भाग 'काल्पनिक तडा' म्हणून मांडला. काठ जसजसे दूर होतात तसतशी त्यांच्यातली ओढ कमी होते आणि मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांत संपते. एक चौरस मीटर तडा पूर्ण उघडायला साध्या काँक्रीटमध्ये ढोबळमानानं १०० जूल ऊर्जा लागते.
मग ओढ शिल्लक आहे तोवर तडा, संपली की भेग. असं चालेल?

नांदेडकर:
साइटवर आम्ही सगळ्यालाच क्रॅक म्हणतो, पण ही वाटणी पटली. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, क्रॅकच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा ०.३ मिमी आहे, सतत ओलाव्यात किंवा मातीशी संपर्कात ०.२. एवढं उघडल्यावर तिथं काँक्रीटची ओढ जवळजवळ संपलेली असते आणि भार सळई पेलते. म्हणजे 'भेगेची रुंदी' हेच बरोबर.
'चीर' बारीक क्रॅकसाठी ठेवा. उन्हाळ्यात, गरम वाऱ्यात ओतलेल्या स्लॅबवर काही तासांतच दिसतात त्या चिरा. खालून पाणी वर येण्याआधीच पृष्ठभागावरचं उडून जातं आणि ओलं काँक्रीट आक्रसतं. दुसऱ्या दिवशी कितीही पाणी मारा, त्या जात नाहीत. फक्त 'चिरा' एकवचनी लिहिलं तर वाचणाऱ्याला चिरेबंदी वाड्यातला दगड आठवेल, तेवढं सांभाळा.

लातूरकर:
'स्मिअर्ड क्रॅक'ला काय करू? १९६७ मध्ये न्गो आणि स्कॉर्डेलिस यांनी तडा स्वतंत्र रेघेसारखा, घटकांच्या (संगणकावर हिशेबासाठी वस्तूचे जे छोटे तुकडे पाडतात त्यांच्या) कडेनं दाखवला. पुढच्याच वर्षी रशीद यांनी रेघ न काढता अख्ख्या घटकाचा ताठरपणा कमी केला. मी 'सारवलेला तडा' लिहिलंय.

परभणीकर:
नको. भिंत सारवली की तडा बुजतो. अर्थ उलटाच होईल. 'पसरलेला' म्हटलं तर तडा लांब वाढला असं वाटेल. अख्खा घटक कमकुवत धरायचा ना? मग 'तडकलेला पट्टा' म्हणा.

लातूरकर:
हे चांगलं बसतं. बाझांत आणि ओह यांचं १९८३ चं काम पट्ट्याचंच आहे. घटक लहान करत गेलं की तडकायला लागणारी ऊर्जाही शून्याकडं जाते आणि उत्तर खोटं पडतं. म्हणून पट्ट्याच्या रुंदीप्रमाणं ओढ कमी होण्याचा उतार बदलायचा, म्हणजे खर्च होणारी ऊर्जा तेवढीच राहते. घटकांच्या 'मेश'ला 'जाळी' लिहू का?

नांदेडकर:
जाळी म्हणजे साइटवर सळयांची. एकाच पानावर दोन जाळ्या आल्या तर पोरांचा घोटाळा होईल. मेशच राहू द्या.