ईईजीतील मंद लय आणि पार्किन्सनमधील विस्मरण

प्रश्न (कोथरूड): वडिलांना पार्किन्सन होऊन ७ वर्षे झाली. हाताचा कंप औषधांनी आटोक्यात आहे. परंतु मंडईतला हिशेब, जो ते नेहमी तोंडी करीत, तो आता त्यांना जमेनासा झाला आहे. ईईजीच्या (मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखाच्या) अहवालात ‘मूळ लय मंद’ असा शेरा आहे. याचा अर्थ स्मृतिभ्रंश समजावा का?

उत्तर १: तसे थेट समजू नये. जागेपणी डोळे मिटले की निरोगी प्रौढाच्या मेंदूच्या मागील भागात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी दिसतात; हीच ‘मूळ लय’. पार्किन्सनमध्ये आकलन आणि स्मरण मंदावू लागले की ही लय खाली सरकते आणि ४ ते ८ आवर्तनांच्या थीटा लहरी वाढतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. त्यामागे केवळ डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाची उणीव नसून ॲसिटिलकोलिन हे स्मरणाला लागणारे दुसरे रसायन पुरवणाऱ्या पेशींचा ऱ्हासही असतो, असे मानले जाते. मात्र तपासणीच्या वेळची पेंग, यकृताचे विकार किंवा काही औषधे यांनीही लय मंदावते. स्मृतिभ्रंशाचे निदान स्मरणशक्तीच्या सविस्तर चाचण्यांवरच ठरते. ईईजी हा पूरक पुरावा.

उत्तर २: ट्रायहेक्सिफेनिडिल हे पार्किन्सनवरील औषध चालू आहे का, हे पाहावे. कंपावर ते उपयोगी असले, तरी ॲसिटिलकोलिनचेच कार्य अडवते आणि उतारवयात विस्मरण वाढवू शकते. माझ्या आईला तर सदाशिव पेठेतले, जन्मभर पायाखालचे बोळही आठवेनात! परस्पर बंद मात्र करू नये. मात्रा हळूहळूच उतरवावी लागते.

प्रश्नकर्ता: तीच गोळी चालू आहे. शुक्रवारी डॉक्टरांना विचारतो.