एफ-बटणं मेलेल्या जुन्या थिंकपॅडवर कन्सोल बदलण्यासाठी दुसरी बटणं कशी लावायची?

बाराखडी_टर्मिनल (प्रश्न)

थिंकपॅड टी४२ आहे, त्यावर डेबियन ७. टीटीवाय १ ते ६ (मजकुरी कन्सोल) वर गेटी (लॉगिन मागणारा प्रोग्राम) चालते, एक्स (खिडक्यांचा ग्राफिक डिस्प्ले) क्वचितच, तेही सातव्यावर. कीबोर्डची एफ१ ते एफ४ ही बटणं पूर्ण मेली आहेत, त्यामुळे कन्सोल बदलणारी ऑल्ट+एफ१ ते ऑल्ट+एफ४ बंद. कीबोर्ड बदलायचा नाही. या मशीनला विंडोज बटण नाही, म्हणजे ते बटण वापरा हा नेहमीचा सल्ला बाद.

ऑल्ट+१, ऑल्ट+२ असं हवं आहे. पण इमॅक्समध्ये ऑल्ट+आकडा लागतो, म्हणून शिफ्ट+ऑल्ट+आकडा ठरवलं. जुनी कीमॅप फाइल (कुठलं बटण काय करतं याचा तक्ता) घेऊन तिच्यात ‘शिफ्ट ऑल्ट कीकोड २ = कन्सोल_१’ अशा सहा ओळी टाकल्या (कीकोड म्हणजे बटणाचा क्रमांक). लोडकीज (कीमॅप लोड करणारी कमांड) म्हणते की मॅप ९ घालणं ‘कीमॅप्स’ ओळीच्या विरोधात जातं. फाइलच्या डोक्यावर ‘कीमॅप्स ०-२,४-५,८,१२’ अशी ओळ आहे. ती उडवू का? आणि एक्समधून परत यायला काय करायचं?

---

रनलेव्हल_तीन

ओळ उडवली तर चूक दिसायची थांबेल, पण त्रास दुसरीकडून येईल. आधी ९ कुठून आला ते बघा. प्रत्येक मॉडिफायरला (दुसऱ्या बटणासोबत दाबायच्या बटणाला) वजन आहे: शिफ्ट १, ऑल्टजीआर म्हणजे उजवा ऑल्ट २, कंट्रोल ४, डावा ऑल्ट ८. दाबलेल्या मॉडिफायरांची बेरीज हा मॅपचा क्रमांक. शिफ्ट+ऑल्ट म्हणजे १+८, मॅप ९. तुमच्या फाइलने फक्त ०, १, २, ४, ५, ८ आणि १२ हेच मॅप जाहीर केलेत, म्हणून लोडकीज अडते.

आता खरी मेख. मॅप ९ नव्याने तयार झाला तर त्यात तुम्ही दिलेली सहा बटणं सोडून सगळं रिकामं असतं, खुद्द शिफ्ट आणि ऑल्टसुद्धा. बटण सोडल्याची घटना कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या क्षणी चालू असलेल्या मॅपमध्ये शोधतो. मॅप ९ मध्ये ऑल्टची नोंद नसेल तर ऑल्ट सोडल्याचं त्याला कळतच नाही आणि ऑल्ट अडकून बसतो. मग प्रत्येक अक्षर मेटासह (ऑल्ट दाबल्यासारखं) उमटतं आणि लोक कीबोर्ड खराब झाला म्हणतात. टाळायचं असेल तर मॅप ९ मध्ये कीकोड ४२ आणि ५४ ला शिफ्ट, ५६ ला ऑल्ट, असं हाताने लिहावं लागतं.

एवढा खटाटोप कशाला? उजवा ऑल्ट वापरा. मॅप २ आधीपासून जाहीर आहे, अमेरिकन लेआउटमध्ये त्याचा फारसा उपयोग नाही आणि इमॅक्सचा डावा ऑल्ट तसाच राहतो. (कमांड आणि फाइलचा मजकूर मी इथे उच्चाराप्रमाणे देतोय, मशीनवर अर्थातच रोमन अक्षरं आणि रोमन आकडे.)

आधी सध्याचा मॅप जपून ठेवा: डम्पकीज (चालू कीमॅप छापणारी कमांड) चालवून आउटपुट एका फाइलमध्ये वळवा. काही बिघडलं तर लोडकीजला तीच फाइल द्यायची. दूरच्या मशीनवरून एसएसएच (नेटवर्कवरचं लॉगिन) उघडं ठेवलं तर आणखी बरं, कारण कीमॅप बिघडला की लॉगिनचा पासवर्डही टाइप होत नाही.

मग नवी छोटी फाइल करा. तिच्यात ‘कीमॅप्स’ ओळ अजिबात नको, फक्त एवढं:

ऑल्टजीआर कीकोड २ = कन्सोल_१
ऑल्टजीआर कीकोड ३ = कन्सोल_२
ऑल्टजीआर कीकोड ४ = कन्सोल_३
ऑल्टजीआर कीकोड ५ = कन्सोल_४
ऑल्टजीआर कीकोड ६ = कन्सोल_५
ऑल्टजीआर कीकोड ७ = कन्सोल_६
ऑल्टजीआर कीकोड ८ = कन्सोल_७
ऑल्टजीआर कीकोड ४१ = लास्ट_कन्सोल

१ या आकड्याचा कीकोड २ आहे, कारण १ हा कीकोड एस्केपचा. शेवटची ओळ आकड्यांच्या डावीकडच्या बटणासाठी. ते दाबलं की आधीच्या कन्सोलवर उडी. दोन कन्सोलांमध्ये ये-जा करणाऱ्याला हीच सर्वांत जास्त कामाची.

लोडकीज बेरजेने काम करते: फाइलमध्ये जे आहे तेवढंच बदलतं, बाकीचा मॅप शाबूत राहतो. बदल सगळ्या कन्सोलांना एकदम लागू होतो. ही नवी फाइल देऊन लोडकीज रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवा, आणि खऱ्या कन्सोलवर. एक्समधल्या टर्मिनल खिडकीत तुम्हाला परिणाम दिसणारच नाही.

‘ऑल्टजीआर’ हा शब्द गाळून नुसतं ‘कीकोड २ = कन्सोल_१’ लिहू नका. उजवीकडे एकच मूल्य असेल आणि ते अक्षर नसेल तर ते फाइलमधल्या सगळ्या मॅपना लागू होतं. मग १ हा आकडाच टाइप होत नाही.

---

शोकी_दाखवा

वरच्यात एक भर, कारण डेबियन ७ वर इथेच फसगत होते. उजवा ऑल्ट खरोखर ऑल्टजीआर आहे का ते आधी पाहा. डम्पकीजच्या आउटपुटमध्ये कीकोड १०० ची ओळ शोधा. डेबियनवर कन्सोल-सेटअप हा पॅकेज एक्सच्या लेआउटवरून कन्सोलचा मॅप बनवतो, आणि साध्या अमेरिकन लेआउटमध्ये उजवा ऑल्ट हा डाव्यासारखाच ‘ऑल्ट’ निघू शकतो. तसं असेल तर वरच्या सगळ्या ओळी बिनतक्रार लोड होतील आणि काहीच घडणार नाही.

अशा वेळी कीकोड १०० हाताने बदलायला जाऊ नका. या पॅकेजने बनवलेल्या मॅपमध्ये मॉडिफायरांच्या डझनावारी जोड्या असतात. एकात बदललं आणि दुसऱ्यात राहिलं की पुन्हा तेच, बटण अडकणार. ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरातली ‘कीबोर्ड’ फाइल उघडा, एक्सकेबीऑप्शन्सच्या ओळीत ‘एलव्ही३:आरऑल्ट_स्विच’ घाला आणि रूट म्हणून ‘सेटअपकॉन’ (कन्सोलचा मॅप नव्याने लागू करणारी कमांड) चालवा. एक्समध्येही उजवा ऑल्ट तिसऱ्या पातळीचं (जादा चिन्हांसाठीचं) बटण होईल हे लक्षात असू द्या.

सेटअपकॉन जेव्हा जेव्हा चालेल तेव्हा तुमच्या आठ ओळी पुसल्या जातील. म्हणून लोडकीजची ओळ आरसी डॉट लोकलमध्ये, ‘एक्झिट ०’ च्या आधी टाका. डेबियन ७ मध्ये ती बूटच्या शेवटी चालते. पुढेमागे सिस्टमडी ही नवी बूट-व्यवस्था असलेल्या आवृत्तीवर गेलात तर ही फाइल आयती मिळेलच असं नाही. स्वतः बनवा, पहिल्या ओळीत शेलचा मार्ग द्या आणि ती एक्झिक्यूटेबल करा.

कुठल्या बटणाचा कीकोड काय याची शंका आली तर कन्सोलवर शोकी चालवा. शेवटचं बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी ती आपोआप थांबते, कंट्रोल+सी ने नाही. लोक घाबरून मशीन बंद करतात. दहा सेकंद हात बाजूला ठेवा.

---

बाराखडी_टर्मिनल

कीकोड १०० खरंच ‘ऑल्ट’ निघाला. एक्सकेबीऑप्शन्स बदलल्यावर सगळं चालू. आता फक्त एक्सचं राहिलं: तिथे उजवा ऑल्ट+१ दाबलं तर काहीच होत नाही.

---

रनलेव्हल_तीन

होणारही नाही. एक्स चालू असताना कन्सोलचा कीमॅप बाजूला पडतो, बटणं थेट एक्सकडे जातात. तिथली कंट्रोल+ऑल्ट+एफ-बटण ही जोडी एक्स स्वतःच्या एक्सकेबी (कीबोर्ड व्यवस्थेच्या) नियमांनी ओळखतो.

सोपा उपाय: विंडो मॅनेजरमध्ये किंवा एक्सबाइंडकीजमध्ये (बटणांना कमांड जोडणारा प्रोग्राम) हवी ती जोडी ‘सुडो सीएचव्हीटी १’ या कन्सोल बदलणाऱ्या कमांडला बांधा. सीएचव्हीटीला रूटचे अधिकार लागतात, म्हणून व्हिसुडोने (सुडोचे नियम बदलणारी कमांड) फक्त त्या एका प्रोग्रामला पासवर्डविना परवानगी द्या. पूर्ण मार्ग ‘विच’ कमांडने बघून लिहा.

एकच बटण पुरत असेल तर सुडोचीही गरज नाही. एक्समॉडमॅपने (एक्समधली बटणं बदलणारी कमांड) कीकोड ७८, म्हणजे स्क्रोल लॉक, ‘एक्सएफ८६स्विच_व्हीटी_१’ ला जोडा. दाबलं की थेट पहिला कन्सोल. एक्सचा कीकोड म्हणजे कर्नलचा अधिक ८, इथे ७०+८. पण हे गणित जुन्या ‘केबीडी’ ड्रायव्हरवर सगळ्या बटणांना लागू नाही. डावा बाण तिथे १०० आणि इव्हडेव्ह या नव्या ड्रायव्हरवर ११३. पॉज तिथे ११० आणि इव्हडेव्हवर १२७. एक्सईव्ही (एक्समध्ये बटणाचा कीकोड दाखवणारा प्रोग्राम) चालवून खात्री करा. आणि सेटएक्सकेबीमॅप (एक्सचा लेआउट बदलणारी कमांड) चालवलं की एक्समॉडमॅपचं काम पुसलं जातं, तेव्हा क्रम सांभाळा.

---

जुना_बीएसडीवाला

हाच प्रश्न फ्रीबीएसडीवर (लिनक्सहून वेगळी प्रणाली) असेल तर लोडकीज विसरा. तिथे कीमॅप फाइलमध्ये प्रत्येक कीकोडपुढे आठ रकाने असतात: साधं, शिफ्ट, कंट्रोल, कंट्रोल-शिफ्ट, ऑल्ट, ऑल्ट-शिफ्ट, ऑल्ट-कंट्रोल आणि तिन्ही मिळून, शेवटी लॉकचा रकाना. कन्सोलची नावं ‘एससीआर०१’ पासून. आकड्याच्या ओळीत पाचव्या रकान्यात ते नाव घाला, केबीडीकंट्रोल -एल ने लोड करा, आणि कायमचं हवं तर आरसी डॉट कॉन्फमध्ये ‘कीमॅप’ ची ओळ. जुन्या सिसकॉन्स या कन्सोल ड्रायव्हरच्या फाइली ‘सिसकॉन्स’ फोल्डरात, नव्या व्हीटी ड्रायव्हरच्या ‘व्हीटी’ फोल्डरात. नुसत्या उचलून इकडच्या तिकडे टाकू नका.

---

शोकी_दाखवा

एक्स कीबोर्ड सोडतच नसेल त्या वेळेसाठी: ऑल्ट+सिसआरक्यू+आर (सिसआरक्यू म्हणजे प्रिंटस्क्रीनचं बटण). कर्नल कीबोर्ड एक्सकडून परत घेतो आणि मग तुमचा उजवा ऑल्ट+१ एक्समध्येही चालतो. कर्नलची सिसआरक्यू सेटिंग १ असावी किंवा तिच्यात ४ हा बिट असावा. मात्र एक्स पूर्ण गोठला असेल तर त्याच्या संमतीशिवाय कन्सोल बदलत नाही. तेव्हा आर च्या जागी के. त्याने त्या कन्सोलवरचं सगळं मरतं, न जतन केलेल्या फाइलींसकट.