मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन लांबचा विमानप्रवास, थेट की मध्ये थांबून?

केतकी_के
पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन जायचंय. तिकिटं आज रात्री बारापर्यंतच होल्डवर आहेत. थेट विमान घेऊ की थांबा असलेलं? भाऊ म्हणतो थेट, वहिनी म्हणते आईंना एवढा वेळ बसवणार नाही. ज्यांनी घरच्या ज्येष्ठांना नेलंय त्यांनी कृपया लगेच सांगा. जुन्या धाग्यात सगळं व्हिसाबद्दलच आहे.

जुना_प्रवासी
थेटच. दुसरा विचारच नको. विमान बदलायचं म्हटलं की म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात.

नदीकाठ
अहो, पण कुठून कुठे? वय काय, आजार काय, केतकी सोबत आहे की ते दोघंच जाणार? हे कळल्याशिवाय थेट कसं सांगता?

केतकी_के
मुंबई ते नेवार्क (न्यूयॉर्कजवळ), भाऊ तिथून जवळच एडिसनला असतो. मी सोबत आहे. बाबा ७९, इन्सुलिन चालू आहे. आई ७४, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय.

सदाफुली
विमा काढलात का? 'पूर्वीचे आजार' अचानक बळावले तर किती खर्च देतात ते बारीक अक्षरात वाचा. माझ्या मामंजींच्या वेळी

सदाफुली
अर्धवट गेलं. मामंजींना तिथे दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा ते कलम उपयोगी पडलं.

केतकी_के
विमा झालाय हो. तिकिटाचं सांगा ना.

आखाती_मराठी
अबू धाबीमार्गे न्या. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. न्यूयॉर्कला उतरलं की बॅगा घ्यायच्या आणि बाहेर. आम्ही नेहमी असंच नेतो.

नदीकाठ
इमिग्रेशनचं खरं आहे, पण तिचा प्रश्न बसण्याचा आहे. मुंबई-अबू धाबी जेमतेम तीन तास आणि पुढे सलग चौदाच्या आसपास. थेट गेलं तर सोळा. मग थांब्याने आईंना मिळालं काय? थांबायचंच तर युरोपात थांबा. फ्रँकफर्टमार्गे नऊ आणि नऊ असे जवळजवळ दोन सारखे तुकडे पडतात. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की तिथे ट्रान्झिट व्हिसा लागत नाही.

जुना_प्रवासी
आणि फ्रँकफर्टला गेट शोधत मैलभर कोण चालणार?

नदीकाठ
चालायचं कशाला? व्हीलचेअर आत्ता बुक करतानाच मागायची. त्यातही प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही जमत नाही. आईंसाठी दुसरा सांगा, नाहीतर विमान लांब उभं असलं की बसमधून उतरवून शिडीसमोर नेतात आणि त्या लोखंडी पायऱ्या एकेक करून चढाव्या लागतात.

वैद्यकी
गुडघे कधी बदलले? तीन महिन्यांच्या आत असतील तर सर्जनना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

केतकी_के
दोन वर्षं झाली. नीट चालते, पण फार वेळ बसली की सूज येते.

वैद्यकी
मग पोटरीपर्यंतचे दाबाचे मोजे, मापाचे, डॉक्टरांना विचारून. रक्त पातळ करायची गोळी मनाने अजिबात देऊ नका. सीट आतल्या वाटेच्या कडेची घ्या. पहिल्या रांगेत पाय पसरायला जागा असते म्हणून सगळे तीच मागतात, पण तिथे ट्रे सीटच्या हातातून निघतो म्हणून मधला हात वर होत नाही, आणि टेकऑफला औषधाची पिशवीसुद्धा पायाशी ठेवू देत नाहीत.
बाबांचं इन्सुलिन हातातल्या बॅगेत. खालच्या सामानात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं वापरायचं नाही. पश्चिमेकडे जाताना दिवस साडेनऊ-साडेदहा तासांनी लांबतो, तेव्हा डोस कधी किती ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. विमानात जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इंजेक्शन देऊ नका, ट्रॉलीला उशीर होतो.

आखाती_मराठी
आमच्या मार्गाने आलात तर अनारसे आणू नका. खसखशीवर अमिरातीत बंदी आहे, लोक अडकलेत.

सदाफुली
आणि सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, २०२२ पासून. माझ्या जावेच्या वाट्या मुंबईलाच काढून घेतल्या.

जुना_प्रवासी
मग चटणी कशी न्यायची?

केतकी_के
चटणीसाठी वेगळा धागा काढा ना प्लीज. फ्रँकफर्टचं दिसतंय, मध्ये एक तास पन्नास मिनिटं. पुरतील?

नदीकाठ
नाही. व्हीलचेअरवाल्यांना सगळे उतरल्यावर उतरवतात, पुढे पुन्हा तपासणी, त्यात आईंच्या गुडघ्यांमुळे मशीन वाजणार. साडेतीन-चार तासांचं बघ. आणि दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर (म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर) घे, म्हणजे बॅगा नेवार्कपर्यंत जातील आणि पहिल्याला उशीर झाला तर दुसरं द्यायची जबाबदारी त्यांची.

केतकी_के
चार तास दहा मिनिटांचं आहे, माणशी साडेअकरा हजार जास्त. घेतेय. बाबांसाठी मधुमेहींचं जेवण आत्ताच सांगू की नंतर चालेल?

वैद्यकी
आत्ताच. चोवीस तास आधीपर्यंत घेतात, पण दोन्ही विमानांसाठी वेगळं नोंदलंय ना ते बघा. आणि खाकरा, बिस्किटं, ग्लुकोज तुमच्याच पर्समध्ये ठेवा, वरच्या कप्प्यात नको.