मदत हवी आहे: खानावळीची तपासणी आणि हायजिन रेटिंग, नेमकं काय बघतात?

तिरफळ
मालवणात घरगुती खानावळ आहे. सीझनला दुपारी चाळीसेक ताटं जातात. नोंदणी आहे, चौदा आकडी नंबर दर्शनी भिंतीवर लावलाय. आता एक एजंट म्हणतो, स्मायलीवालं हायजिन रेटिंग घेतलं नाही तर खानावळ बंद करतील. खरंय का? अधिकारी आले तर काय बघतात? पाणी विहिरीचं, मासे बंदरावरचे, पावसाळ्यात फ्रीझरमधले.

जांभ्याची पायरी
घाबरवतोय तो. तपासणी वेगळी, रेटिंग वेगळं. तपासणी २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली एफडीएचे (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) अन्न सुरक्षा अधिकारी करतात, न सांगता येऊ शकतात. रेटिंग ऐच्छिक आहे: एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) यादीतली खाजगी ऑडिट संस्था येते, तिची फी आपण भरायची, १ ते ५ स्मायली मिळतात. पाच मिळाल्या म्हणून सरकारी तपासणी टळत नाही.

केटरिंगची तपासणी यादी ११४ गुणांची आहे, एफएसएसएआयच्या साइटवर मिळते. ती छापून आधी स्वतःच भरा. त्यातल्या तारांकित (* खूण असलेल्या) मुद्द्यांपैकी एकही चुकला तर बाकी गुण कितीही असोत, शेरा नापासाचाच. लादी चकचकीत करण्यात लोक आठवडा घालवतात आणि अडकतात पाण्याच्या रिपोर्टवर.

विहीर चालते, पण पाणी आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्यायोग्य असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल हवा, सहा महिन्यांनी एकदा. त्यातला एक नमुना भर पावसात द्या. जांभ्यातून वरचं पाणी झिरपतं, शोषखड्डा जवळ असेल तर ई-कोलाय (मैल्यातला जंतू) तेव्हाच दिसतो. १०० मिलीत तो शून्य लागतो. बाटली प्रयोगशाळेचीच निर्जंतुक घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

सुंगटां
माशांचं मी सांगते. फ्रीझर उणे १८ अंश, फ्रिज ५ किंवा खाली, वाढपाचं गरम ६५च्या वर. फ्रीझरमध्ये थर्मामीटर आणि शेजारी वही, दिवसातून दोन नोंदी. लाइट गेली की झाकण उघडू नका. सुरमईचा बर्फ सुटला तर त्याच दिवशी शिजवा, परत गोठवू नका. बादलीत उन्हात ठेवून वितळवणं तर नकोच. कच्चा मासा नेहमी खालच्या कप्प्यात, नाहीतर त्याचं पाणी वाटणात गळतं.

उरलेली आमटी टोपात तशीच ठेवली तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. उथळ परातींत काढा: ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत, पुढच्या दोन तासांत ५ वर.

आणि सोलकढी! ती उकळत नाही, म्हणून पाणी, बर्फ आणि हात तिघेही स्वच्छ लागतात. सकाळी करून तीनपर्यंत ओट्यावर ठेवलेली सोलकढी ही घरोघरची सवय, पण तपासणीत हमखास पकडली जाते. थोडी थोडी करा, फ्रिजमधूनच वाढा.

जांभ्याची पायरी
कागदांत राहिलं: वाढपी-आचाऱ्यांचं वर्षाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, टायफॉइडची लस, २५ माणसांमागे एक फॉस्टॅक (एफएसएसएआयचं अन्न सुरक्षा प्रशिक्षण) प्रशिक्षित. तळणाच्या तेलात टीपीसी (तेल परत परत तापवून होणारी खराब द्रव्यं) २५ टक्क्यांच्या आत. तळलेले बोंबील वर्तमानपत्रावर निथळत ठेवू नका, शाई उतरते आणि त्याला बंदीच आहे.

तिरफळ
देव बरे करो. दोष निघाले तर लगेच टाळं?

जांभ्याची पायरी
सहसा नाही. त्याच २००६च्या कायद्यातल्या कलम ३२ची सुधारणा नोटीस येते, तिच्यात किमान १४ दिवसांची मुदत असते. सुधारलं नाही तर निलंबन, मग नोंदणी रद्द. नमुना घेतला तर चार भाग करतात, पैकी चौथा एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवायची मागणी तिथल्या तिथे लेखी करा, खर्च आपला. नमुन्याची नेहमीच्या भावाने किंमत अधिकाऱ्याने द्यायची असते, ती घेऊन पावतीची प्रत ठेवा. अहवाल विरुद्ध गेला तर अपिलाला ३० दिवस.