ओव्हरवॉचचे सपोर्ट : आना डोक्यावर, मर्सी तळाला. पटत नसेल तर भांडा

रामबागचा_झेन

नव्यांसाठी: ओव्हरवॉच हा पाच विरुद्ध पाचचा ऑनलाइन गोळीबाराचा गेम. प्रत्येकाचा एक हिरो; टँक पुढे मार झेलतो, डॅमेजवाले मारतात, सपोर्ट बाकीच्यांची हेल्थ भरतात, म्हणजे हील देतात. आमच्या इंदूरच्या टोळक्यात मॅच हरली की कोणीतरी स्कोअरबोर्ड उघडतो, दोन्ही सपोर्टच्या नावापुढचे हीलिंगचे आकडे मोठ्याने वाचतो, आणि ज्याचा आकडा कमी त्याच्या डोक्यावर खापर. मला हा हिशेबच मान्य नाही.

माझं म्हणणं एवढंच की हातची गेलेली फाइट कोण परत आणतो ते बघा. नुसतं हील ओतणं आता कोणालाही जमतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नववा सीझन आला तेव्हापासून प्रत्येक हिरो थोडा वेळ मार चुकवून उभा राहिला तर आपोआप भरत जातो, वर डॅमेजवाल्याची गोळी लागली की त्या माणसाला मिळणारं हील घटतं. म्हणजे ओतणाऱ्याचा भाव खुद्द गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डनेच उतरवला आहे.

तर माझा क्रम. पहिली आना, आणि यावर चर्चा नको. जुलै २०१६ मध्ये आली, गेम बाजारात आल्यावर दाखल झालेली पहिलीच हिरो, आणि इतकी वर्षं तिला बाजूला सारणं कोणाला जमलेलं नाही. कारण तिचा ग्रेनेड. किंग्ज रो मॅपचा पहिला पॉइंट डोळ्यांसमोर आणा. समोरचा राइनहार्ट ढाल धरून अरुंद तोंडातून घुसतोय, मागून त्याचे दोघे सपोर्ट त्याला भरतायत. तुम्ही ढालीवरून ग्रेनेड भिरकावता, तो मागच्या भिंतीवर फुटतो आणि तिघेही जांभळे. आता तीन-चार सेकंद त्यांनी एकमेकांवर काय हवं ते ओतावं, थेंबही लागत नाही. तेवढ्यात राइनहार्ट आडवा. आनाच्या हीलिंगच्या रकान्यात यातलं काय दिसतं? काही नाही.

दुसरी किरिको. तो जांभळा रंग तिचा सुझू एका झटक्यात धुऊन काढतो, आणि क्षणभर कोणाला काही लागतही नाही. शिवाय भिंतीपलीकडून टीममेटपाशी उडी. तिसरा झेनयाटा, चौथा बाप्टिस्ट, पाचवा लुसिओ. मग जुनो, ब्रिगिटा, इलारी, मोइरा, लाइफवीव्हर. जुनोनंतर आलेले यादीबाहेर, त्यांचे आकडे दर पॅचला हलतात.

आणि सगळ्यात शेवटी मर्सी. या आता.

सराफा_रात्री_दोन

अरे भिया, ही यादी नाही, हा तुझा बायोडाटा आहे. नावात झेन, तिसऱ्या नंबरवर झेन. आम्ही काय आंधळे आहोत?

आणि तू कोणत्या सर्व्हरवर खेळून राहिला आहेस ते तरी सांग. मला सिंगापूर मिळतो. संध्याकाळी घरातले सगळे मोबाइल घेऊन बसले की पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायचा वेळ) नव्वद मिलिसेकंदांच्या वर. गेंजी उडी मारतो, मी आनाचा स्लीप डार्ट (झोपवणारा बाण) सोडतो, माझ्या स्क्रीनवर तो त्याच्या छातीत घुसतो आणि गेंजी मजेत माझा गळा कापतो. मग ती पहिल्या नंबरची आना माझ्या काय कामाची? प्रो लोकांच्या हातातली आना आणि गोल्ड रँकमधल्या, विजयनगरच्या पीजीत वायफाय वाटून घेणाऱ्या पोराच्या हातातली आना, या दोन वेगळ्या हिरो आहेत. यादी करायची तर हातासकट कर.

रामबागचा_झेन

@सराफा_रात्री_दोन, झेनवर नंतर बोलू. पिंगचा मुद्दा अर्धाच खरा आहे. स्लीप डार्टला नेम लागतो, मान्य. ग्रेनेडला कुठे लागतो? तो जमिनीवर फुटला तरी आजूबाजूचे सगळे सापडतात. तू जो नेम नेम म्हणून रडतोयस तो आनाच्या निम्म्या कामाला लागतच नाही. आणि टँकच्या पाठीवर रायफलची गोळी घालायला नव्वद पिंग आड येत नाही, पाठ केवढी असते ती!

पिवळी_तार

मी मर्सी खेळते. गेम आला तेव्हापासून. आता ऐका.

"गेलेली फाइट परत आणणं" हीच कसोटी ना? मग मेलेल्या माणसाला उठवून उभं करणारी हिरो तळाला कशी? रेझरेक्टचा (त्या उठवण्याचा) कूलडाउन, म्हणजे पुन्हा वापरण्याआधीची थांबणूक, ३० सेकंदांचा आहे. म्हणजे जवळजवळ प्रत्येक फाइटला एकदा ती संधी येते. तुमचा टँक सुरुवातीलाच पडला तर पाच विरुद्ध चार, आणि मी त्याला उठवलं तर पुन्हा पाच विरुद्ध पाच. याला काय म्हणायचं?

तुम्ही म्हणाल उठवताना मर्सी हळू होते, मरते. हो, जी मर्सी वेड्यासारखी उघड्यावर उतरते ती मरते. प्रेत कुठे पडलंय, समोरची विडोमेकर कुठे बसलीय, आपला टँक त्या दोघांच्या मध्ये कधी येणार, हे बघून कोपऱ्याआडून काठी लांबवायची असते. हे कौशल्य नाही का? नेम हेच तेवढं कौशल्य, बाकी सगळं तार लावून बसणं, असं म्हणणाऱ्यांनी मर्सी कधी नीट खेळलेली नसते.

मर्सीच्या काठीच्या निळ्या तारेबद्दल तर तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. चांगल्या ॲशला किंवा फाराला ती तार लागली की त्यांचा डॅमेज पाव हिश्श्याच्या आसपास वाढतो. ते किल ॲशच्या नावावर जातात. माझ्या हीलिंगच्या रकान्यातसुद्धा यातलं काही दिसत नाही. तुमचा आनासाठीचा युक्तिवाद जशाच्या तसा मर्सीला लागू होतो, फक्त तुम्हाला तो लावायचा नाही.

आणि जाता जाता. व्हॉइस चॅट चालू करून "मी मर्सी घेते" म्हटलं की "मुलगी आहे वाटतं" हे ठरलेलं. हीच माणसं मॅच संपत आली की "मर्सी, मला उठव, मला उठव" करतात.

रामबागचा_झेन

@पिवळी_तार ताई, व्हॉइस चॅटवाल्यांना म्यूट करा, त्यांच्याबद्दल माझ्याकडे वेगळे शब्द आहेत, इथे चालणार नाहीत.

पण मर्सीचा इतिहासच माझ्या बाजूने बोलतो. सप्टेंबर २०१७ पर्यंत रेझरेक्ट ही तिची अल्टी (मीटर भरल्यावर मिळणारी मोठी ताकद) होती आणि जवळ पडलेली सगळी टीम एकदम उठायची. तेव्हा ती पहिल्या नंबरवर होती आणि असायलाच हवी होती. लोक भिंतीआड लपून टीम मरायची वाट बघायचे! म्हणून तर ती काढून घेतली. आता एक माणूस उठतो, आणि ज्याने एकदा चूक करून जीव गमावला तोच उठतो. किरिको त्याला मरूच देत नाही. न मरणं आणि मरून उठणं यात फरक आहे, मधल्या वेळात तुमचा पॉइंट गेलेला असतो.

निळ्या तारेचं म्हणाल तर ती एकालाच लागते. झेनचा डिस्कॉर्ड गोळा समोरच्या एकावर लागतो, पण मग आपल्या पाचही जणांच्या गोळ्या त्याला २५ टक्के जास्त लागतात. तुमची तार ॲशचा नेम चुकला की वाया. माझा गोळा वाया जात नाही, चौघांपैकी कोणाची तरी गोळी लागतेच.

पिवळी_तार

@रामबागचा_झेन, आणि ट्रेसर मागून आली की तुमचा झेन कुठे पळतो? त्याला ना उडी, ना धाव. ऑक्टोबर २०२२ मध्ये टीममध्ये सहाचे पाच झाले, एक टँक गेला, तेव्हापासून मागच्या रांगेला राखायला कोणी उरलेलं नाही. मी टीममेटकडे उडून निघून जाते. तुम्ही जागच्या जागी तरंगत मरता. मेलेल्या सपोर्टचा डिस्कॉर्ड किती टक्के असतो?

मेडिक_काका

मुलांनो, मी टीम फोर्ट्रेस २ वाला. २००७ चा गेम, भंवरकुआंच्या एका कॅफेत खेळायचो, तेव्हा यातल्या कोणाचाच जन्म झाला नव्हता (हिरोंचा म्हणतोय, तुमचाही नसेल कदाचित). तिथे सगळ्या गेममध्ये हीलर एकच, मेडिक, त्यामुळे क्रम लावायची भानगडच नव्हती.

पण धागा काढणाऱ्याच्या मूळ मुद्द्यात एक भोक आहे ते दाखवतो. मेडिकचा उबरचार्ज म्हणजे आठ सेकंद तुम्ही आणि ज्याला तार लावली तो, दोघे अमर. गेलेली फाइट परत आणणारं याहून मोठं हत्यार मी पाहिलं नाही. पण तो भरतो कशाने? हील ओतूनच. फाइट नसतानाही मेडिक सगळ्यांना दीडपट हेल्थपर्यंत फुगवत फिरायचा, कारण प्रत्येक थेंब मीटरमध्ये जात होता. तुमच्या ओव्हरवॉचमध्येसुद्धा हील दिलं की अल्टी भरते. तेव्हा ज्याचा आकडा मोठा, त्याची अल्टी आधी. आकडा सगळं सांगत नाही हे बरोबर, पण तो खोटंही सांगत नाही.

रामबागचा_झेन

काका, तुमचं म्हणणं मेडिकला शंभर टक्के लागू. पण इथे आकडा कुणाचा फुगतो बघा. मोइराचा. ती बिनधास्त फवारा सोडत राहते, अर्ध्या भरलेल्या टँकला भरते, पुन्हा भरते, मॅच संपल्यावर सगळ्यात मोठा आकडा तिचा. आणि तिची अल्टी काय करते? अजून हील आणि अजून थोडा डॅमेज. ओतून ओतून अल्टी लवकर भरली, आणि अल्टी पुन्हा ओतायचीच, तर फाइट कुठे पलटली? आनाची अल्टी नॅनो उशिरा भरू दे, ती लागलेला गेंजी तलवार काढून येतो तेव्हा समोरचे आपापल्या भिंती शोधतात.

जेलरोडचा_राइनहार्ट

मी टँक. हील खाणारा माणूस. माझं कोणी विचारलंय का?

मोइराला एवढं झोडपू नका. नवी पोरं सपोर्ट शिकतात ती मोइरावर, आणि माझ्या मागे एक मोइरा असली की मी निदान श्वास घेऊ शकतो. आना चांगली असते तेव्हा देवी, नाहीतर अर्धा वेळ स्कोप लावून माझ्या पाठीमागच्या खांबाला हील देते.

खरा शेवटचा नंबर लाइफवीव्हरचा आहे. एप्रिल २०२३ मध्ये तो आला तेव्हापासून मी एकाच गोष्टीला भितो. परवा आयकेनवाल्डे मॅपवर समोरचे चौघे एका रांगेत, मी अर्थशॅटरसाठी (माझी अल्टी) हातोडा डोक्यावर घेतला, आणि तेवढ्यात आमच्या लाइफवीव्हरने "वाचवलं!" म्हणत मला मागे खेचलं. चौघे तिथेच. मी इथे, गुलाबी बुडबुड्यात. वाचवलं, हो, चार किलपासून वाचवलं.

सराफा_रात्री_दोन

😂😂 भिया, तो लाइफवीव्हर मीच होतो. तुझी हेल्थ बघ ना, चाळीस उरली होती!

जेलरोडचा_राइनहार्ट

चाळीस पुरेशी होती रे! छप्पन दुकानवर पोहे तुझ्याकडून.

गोट्स_पीडित

सगळेजण एकेकट्याचा क्रम लावत बसलेत, आणि तिथेच गाडं अडलंय. सपोर्ट दोन असतात. जोडीचा क्रम लावा.

२०१८-१९ आठवतंय का कोणाला? मार्च २०१८ मध्ये ब्रिगिटा आली. एकटी बघितली तर एक ढाल, एक गदा, हील म्हणाल तर किरकोळ. पण तीन टँक आणि तीन सपोर्टच्या त्या गोट्स नावाच्या जुळणीत तिला घातलं आणि अख्खा गेम थांबला. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघते ना, तशी सहाच्या सहा माणसं एकमेकांना चिकटून सरकायची, मध्ये सापडला तो संपला. लुसिओ सगळ्यांना एकदम पळवायचा, ब्रिगिटा गदा फिरवली की सगळ्यांना एकदम भरायची. डॅमेजवाल्यांनी खेळायचंच नाही असा प्रकार. शेवटी २०१९ मध्ये दोन टँक, दोन डॅमेज, दोन सपोर्ट असं कुलूप घालावं लागलं. जिच्यामुळे गेमचा नियम बदलला ती तुमच्या यादीत सातवी!

आताही तेच. आना एकटी उभी असेल तर ट्रेसरचं जेवण आहे. तिच्याशेजारी ब्रिगिटा उभी करा, मग ट्रेसरने जवळ येऊन दाखवावं. म्हणजे ते ग्रेनेड, ती किंग्ज रोची फाइट, यातला निम्मा वाटा शेजारी गदा घेऊन उभी असलेल्या बाईचा. उलट झेन आणि मर्सी एकत्र घ्या, दोघांचंही कौतुक करा, आणि टँकला विचारा कसं वाटलं.

जेलरोडचा_राइनहार्ट

झेन-मर्सी जोडी दिसली की मी हिरो निवडायच्या स्क्रीनवरच हातोडा खाली ठेवतो.

रामबागचा_झेन

@गोट्स_पीडित, जोडीचा मुद्दा या धाग्यातला पहिला कामाचा मुद्दा आहे. पण रात्री सोलो क्यूमध्ये (एकट्याने मॅच शोधताना) शेजारी कोण बसणार हे तुला ठाऊक असतं का? मी आना घेतो, दुसऱ्या माणसाला ब्रिगिटा येतच नसते. त्याने मर्सी लॉक केलेली असते (ताई, तुम्ही नाही). म्हणून कोणीही शेजारी आला तरी कोण उभा राहतो, त्यावर क्रम लावला. किरिको त्यात बसते, ब्रिगिटा बसत नाही. पाच जण ठरवून बसलो तर तुझी यादी खरी.

नवा_रायव्हल्स

डिसेंबर २०२४ पासून मी मार्व्हल रायव्हल्स या दुसऱ्या गेमवर. तिथे रोलला कुलूपच नाही, तीन-तीन सपोर्ट घेऊन लोक फिरतात, एकाची अल्टी संपली की दुसऱ्याची सुरू. तुमची भांडणं बघून जुने दिवस आठवले. या तिकडे.

गोट्स_पीडित

तीन सपोर्ट? नको रे बाबा. एकदा भोगलंय.

पिवळी_तार

@रामबागचा_झेन, सोलो क्यूमध्ये कोणीही शेजारी आला तरी कोण जगतो, हीच कसोटी ना? मग पुन्हा मर्सी वर जाते. तुम्ही दर पोस्टला कसोटी बदलताय आणि दर वेळी ती तिलाच लागू पडतेय. शनिवारी रात्री क्यूला या. मी मर्सी घेते, तुम्ही झेन घ्या, टँक जेलरोडवाला. बघू फाइट कोण परत आणतं.

जेलरोडचा_राइनहार्ट

मला का मध्ये घेताय? झेन-मर्सी म्हणजे मीच मरणार!

सराफा_रात्री_दोन

मी येतो शनिवारी. लुसिओ घेऊन, समोरच्या टीमकडून. @रामबागचा_झेन, लुसिओला पाचवा ठेवलास ना? मॅप इलिओस येऊ दे, विहिरीचा पॉइंट येऊ दे. तू त्या काठावर शांत तरंगत उभा राहा, मी पाठीमागून भिंतीवरून येतो.

रामबागचा_झेन

मी विहिरीकडे तोंड करून उभाच राहत नाही.

सराफा_रात्री_दोन

पाठ करून राहिलास तरी चालेल भिया.