कँटोनीज आजी नातीला ‘सांग सिंग’ म्हणते, आईला मराठीत काय सांगू?

यावलची आत्या
भाऊ हाँगकाँगला असतो, वहिनी तिथलीच. तिकडे शाळेला जुलै-ऑगस्टात सुट्टी, म्हणून नऊ वर्षांची भाची यंदा खान्देशातल्या कानबाईच्या सणाला आली होती. रोटांच्या दिवशी पोरीनं कुणी न सांगता आजीच्या दुखऱ्या गुडघ्याखाली उशी सरकवली आणि पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी पुढे धरला. व्हिडिओ कॉलवर तिकडची आजी हे बघत होती, म्हणाली, “हो सांग सिंग!” (त्यांचं ‘हो’ म्हणजे ‘खूप’.) एरवी ती ‘ग्वाय’ म्हणते. वहिनी दोन्हीचं ‘गुड गर्ल’ करून मोकळी होते. मी आईला म्हटलं, “नात शहाणी झाली म्हणतात.” आई चरकलीच, “नवव्या वर्षीच?” तिच्या पिढीत पोर शहाणी झाली म्हणजे न्हाण आलं. ह्या दोन शब्दांत फरक काय?

भुसावळचा भाऊ
ताई, मी हाँगकाँगच्या कौलून भागात अकरा वर्षं काढली. ग्वाय म्हणजे ऐकणारी, त्रास न देणारी. तान्हं पोर मुकाट जेवलं तरी ग्वाय. उलट शब्द ‘याय’, म्हणजे द्वाड. सांग सिंग त्याच्या वरची पायरी. आई थकून आली की आपणहून भांडी घासणं, अभ्यासासाठी कुणाला मागे लागू न देणं, म्हणजे घरच्यांचे कष्ट ओळखणं त्यात आलं. म्हणतात ते वडीलधारेच. पंचविशीतल्या उनाड पोरालाही आई सांगते, जरा सांग सिंग हो. मँडरिनमध्ये हीच दोन अक्षरं ‘मुळातच अशा स्वभावाचा’ ह्या अर्थी येतात, तेव्हा बीजिंगवाल्याला विचारू नका. कँटोनीजमध्ये सूर 6, सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. इथे ‘सांग’ उंच, ‘सिंग’ मधल्या सुरात सपाट.

अमळनेरच्या बाई
‘समजदार’ आपल्याकडं रोजचा शब्द. माझी आई अहिराणीत म्हणायची, “आंडेर समजदार शे,” म्हणजे मुलगी समजदार आहे. पण समजदार आपण व्यवहारातल्या माणसालाही म्हणतो, त्यात ही माया उतरत नाही. मी तर पूर्ण वाक्यच सांगितलं असतं: पोरीला माणसाचं दुखणं कळतं.

यावलची आत्या
बाई, तेच सांगितलं. आईनं गुडघ्यावर हात ठेवून मला दोनदा म्हणायला लावलं. काल कॉलवर विहीणबाईंना स्वतःच “सांग सिंग” म्हणाली. सूर चुकला असेल, पण त्यांनी लगेच पोरीला ओढून कॅमेऱ्यापुढं बसवलं.